हानिकारक लैंगिक वर्तन, अल्पवयीनांचे

18 वर्षांखालील मुलाने दुसऱ्यावर, प्रत्यक्ष वा मोबाइलवरून, लादलेले इजाकारक लैंगिक वर्तन. वयानुरूप कुतूहल यात मोडत नाही. जबरदस्ती, धमकी, वयातील मोठे अंतर या हानिकारक वर्तनाच्या खुणा. अशा काही मुलांनी स्वतः अत्याचार किंवा घरातील हिंसा सोसलेली असते. पण अत्याचार सोसलेली बहुतेक मुले असे वागत नाहीत, हे वारंवार विसरले जाते. हैदराबादच्या ज्युबिली हिल्स सामूहिक अत्याचार प्रकरणात (2022) सहापैकी पाच आरोपी अल्पवयीन होते. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार 16 ते 18 वयाच्या मुलांवरील अतिगंभीर आरोपांत बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यमापन करते. चर्चा मात्र शिक्षेपाशीच थांबते, उपचार मागे पडतो. मदतीसाठी चाइल्ड हेल्पलाइन : 1098.