जनतेच्या पैशातून घडलेले गणित आणि त्याला लागलेले कुलूप

गणित हा निव्वळ बुद्धीचा विषय आहे, कागद-पेन घ्या आणि बसा, त्यात पैशाचा काय संबंध, असे आपल्याला शाळेपासून ऐकवले जाते. बारावीपर्यंत हे कसेबसे खपून जाते. पुढे इंजिनिअरिंगला किंवा बी.एस्सी.ला गेलेल्या मुलामुलींना कळते की बरेचसे गणित आता संगणकावर चालते. मॅट्रिक्स मोठी झाली, डिफरन्शियल इक्वेशन हाताने सुटेना, आलेख काढायचा आहे, की सॉफ्टवेअर लागते. माझ्या कॉलेजात असे एक महागडे सॉफ्टवेअर लॅबमधल्या मोजक्या संगणकांवर होते आणि लॅब पाच वाजता बंद व्हायची. ज्याच्या घरी लॅपटॉप, त्याचा प्रोजेक्ट पुढे, वसतिगृहातला मागे. निकाल लागला की मग 'मेरिट'ची चर्चा!

मित्रांनो, हे सॉफ्टवेअर महाग का असते? ते बनवायला खर्च आला म्हणून, असे उत्तर मिळते. मग पुढचा प्रश्न विचारायला हवा: तो खर्च कोणी केला? त्यासाठी साठ वर्षे मागे जावे लागेल.

१९६१ साली जेम्स स्लेगल या संशोधकाने एमआयटीत (पुण्याची नव्हे, अमेरिकेतली) पीएच.डी.साठी एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचे नाव 'सेंट', म्हणजे संत. काम एकच, पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमधली इंटिग्रेशनची उदाहरणे सोडवायची. उत्तर आकड्यांत नव्हे, चिन्हांत, आपण वहीत सोडवतो तसे. ८६ उदाहरणे दिली, त्यांतली ८४ सुटली. बरीच उदाहरणे एमआयटीच्याच परीक्षेतली होती. आणि स्लेगल अंध होते. १९५९ साली देशातला उत्कृष्ट अंध विद्यार्थी म्हणून त्यांना राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याकडून पारितोषिक मिळाले होते. ज्याला फळा दिसत नव्हता त्याने यंत्राला फळ्यावरचे गणित शिकवले. हे नाव तुमच्या प्राध्यापकांपैकी किती जणांना ठाऊक आहे, विचारून पाहा.

त्यानंतर १९६७ साली जोएल मोझेस यांनी तिथेच आणखी ताकदीचा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचे नाव ठेवले 'सिन', म्हणजे पाप. (संतानंतर पाप! गणितज्ञांनाही विनोद सुचतो.) १९६८ साली मोझेस, कार्ल एंगलमन आणि विल्यम मार्टिन यांनी 'मॅक्सिमा' नावाच्या मोठ्या प्रणालीची आखणी केली. इंटिग्रेशन, समीकरणे, मॅट्रिक्स, मालिका, सगळे एकाच ठिकाणी. हे काम पुढे दीड दशक चालले. पैसा कोणाचा? आधी अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'आर्पा' या संस्थेचा, पुढे ऊर्जा खात्याचा, नासाचा, नौदलाचा. म्हणजे अमेरिकेतल्या करदात्यांचा. त्यात कारखान्यातला मजूर आला आणि कापसाच्या शेतात राबणारा काळा माणूसही आला.

वापरायला मात्र ते मोजक्यांच्याच हाती होते. एमआयटीतल्या यंत्रावर मॅक्सिमा चाले आणि आर्पानेट या जाळ्याला जोडलेल्या विद्यापीठांना व प्रयोगशाळांना दुरून तिथे पोचता येई. बाकीच्यांना नाव ऐकून समाधान मानावे लागे.

खरी लढाई १९८२ साली झाली. यंत्रे स्वस्त होऊ लागली होती, म्हणजे मॅक्सिमा सगळ्यांपर्यंत पोचायची वेळ आली होती. नेमक्या त्याच वेळी एमआयटीने तिचे व्यापारी हक्क देऊन टाकले आणि ते 'सिम्बॉलिक्स' या कंपनीकडे गेले. दीड दशक जनतेने पोसलेले गणित एका खाजगी दुकानात जाऊन बसले. ही तक्रार बाहेरच्या कोणाची नव्हती. मॅक्सिमा घडवणाऱ्यांपैकीच एक, रिचर्ड फेटमन, तोपर्यंत बर्कलीला प्राध्यापक झाले होते. सरकारी पैशातून झालेले काम सर्वांना मोकळे असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. शेवटी पैसा पुरवणाऱ्या ऊर्जा खात्याच्या दबावाने एमआयटीला एक प्रत त्या खात्याकडे द्यावी लागली. तीही अटींसह! ज्याला मिळेल त्याने ती पुढे वाटायची नाही.

ही प्रत टेक्सास विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक विल्यम शेल्टर यांच्या हाती पडली. त्या दिवसापासून त्यांनी ती सांभाळली. चुका दुरुस्त केल्या, नव्या यंत्रांवर चालेल अशी केली. ज्या लिस्प भाषेत ती लिहिलेली होती, त्या भाषेची मोकळी आवृत्तीही त्यांनीच वाढवली, कारण खालची भाषा बंद असेल तर वरचे गणित मोकळे करून काय उपयोग? वाटायची परवानगी नसलेली वस्तू कोणी सोळा वर्षे अशी सांभाळते का? शेल्टर यांनी सांभाळली. १९९८ साली ऊर्जा खात्याने त्यांना ती जीपीएल परवान्याखाली खुली करायची परवानगी दिली. या परवान्याचा अर्थ साधा आहे: घ्या, वापरा, उघडून पाहा, बदला, वाटा, पण वाटताना पुढच्याचाही हाच हक्क राखा. म्हणजे पुन्हा कुलूप लावायची सोय नाही. नाव जवळजवळ तेच राहिले, स्पेलिंग बदलले: मॅक्झिमा. २००१ साली शेल्टर वारले. आणि दुकानातली मॅक्सिमा? सिम्बॉलिक्स बुडाली, दुसऱ्या कंपनीने ती विकत घेतली, नव्वदच्या दशकाअखेर तिचाही धंदा आटोपला. मालकीची प्रत संपली, वाटलेली जगली.

बाकीच्या नावांचा इतिहासही थोड्याफार फरकाने याच वळणाचा आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात मॅक्सिमा चालवण्याएवढे मोठे यंत्र विकत घेण्याचा विचार होता. तो सोडून त्यांनी १९८० साली स्वस्त यंत्रांवर चालेल असे 'मॅपल' स्वतःच लिहायला घेतले. पुढे त्याचीही कंपनी झाली. न्यू मेक्सिको विद्यापीठात क्लीव्ह मोलर यांनी विद्यार्थ्यांना फोरट्रान न शिकता मॅट्रिक्सचे काम करता यावे म्हणून 'मॅटलॅब' लिहिले, तेव्हा ते फुकट होते. १९८४ साली कंपनी निघाली. त्याच धाटणीचे 'ऑक्टेव्ह' मात्र जॉन ईटन यांनी १९९२ पासून मोकळेच ठेवले. तेही केमिकल इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठीच सुरू झाले होते. मोलर किंवा मॅपलवाल्यांनी पाप केले असे मी म्हणत नाही, त्यांची सॉफ्टवेअर उत्तमच आहेत. पण विद्यार्थ्यासाठी जन्मलेले साधन विद्यार्थ्याच्याच खिशाबाहेर गेले, हे नोंदवायला नको का?

पैशाहून मोठा एक मुद्दा जर्मन गणितज्ञ योआखिम नॉयब्युझर यांनी १९९० च्या दशकात मांडला. एखादे प्रमेय आणि त्याची सिद्धता ग्रंथालयात वाचा, आयुष्यभर फुकट वापरा, त्याची फी कोणी मागत नाही. मग तेच गणित प्रोग्रॅममध्ये गेले की परवाना फी का? आणि आतली पायरी दिसतच नसेल तर ते गणित कसले? 'मी सांगतो म्हणून उत्तर बरोबर' ही भाषा आपण कुठे ऐकली आहे, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. गणितात शब्दप्रामाण्य चालत नाही. पायरी उघडून दाखवावी लागते.

आता आपल्याकडे या. आयआयटी मुंबईत केंद्र सरकारच्या पैशातून 'फॉसी' हा प्रकल्प चालतो. फ्रान्सच्या सरकारी संशोधन संस्थेत जन्मलेले 'सायलॅब' हे मोकळे सॉफ्टवेअर त्यांनी आपल्या कॉलेजांत रुजवले. इंजिनिअरिंगच्या नेहमीच्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे देशभरच्या विद्यार्थ्यांकडून सायलॅबमध्ये लिहून घेतली, त्याचे मानधन दिले आणि ती फुकट वाटली. तिथल्याच 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात अशा सॉफ्टवेअरचे छोटे छोटे धडे आहेत, त्यांतले कित्येक मराठी आवाजात. पडद्यावरची अक्षरे इंग्रजीच राहतात, ही अडचण आहेच. पण कानावर आपली भाषा पडत असली की पहिली भीती जाते.

म्हणून वसतिगृहातल्या मित्रांना माझे सांगणे आहे की क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका. चोरून घेतलेल्या प्रतीच्या आतले काहीच दिसत नाही आणि वर व्हायरस मिळतो. मॅक्झिमा साध्या अँड्रॉइड फोनवरही चालते. आधी उदाहरण वहीत सोडवा, मग तिला विचारा, आणि उत्तरे जुळली नाहीत तर दोघांपैकी कोण चुकले ते शोधा. मी तरी इंटिग्रेशन असेच शिकलो.

संगणकाच्या काळ्या पडद्यावर मॅक्झिमा सुरू केली की पहिले उदाहरण टाकण्याआधी इंग्रजीत एक ओळ येते. हा प्रोग्रॅम विल्यम शेल्टर यांच्या स्मृतीस अर्पण आहे, एवढेच तीत लिहिलेले असते.