पेन्शनरचा अंगठा

दर नोव्हेंबरला आपल्या घरातल्या पेन्शनर आजी-आजोबांना एक गोष्ट सिद्ध करावी लागते: आपण जिवंत आहोत. हयातीचा दाखला! त्यासाठी आता अनेक ठिकाणी मशीनवर बोट टेकवतात. नवीन वाटतं ना? याची मुळं इंग्रजांच्या काळातल्या बंगालमध्ये आहेत, आणि तिथेही पेन्शनरच होते.

विल्यम हर्शेल हा इंग्रज अधिकारी. १८५८ साली जंगीपूरला त्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. उद्या गड्याने ‘हा करार माझा नाहीच’ म्हणू नये, एवढाच हेतू. पुढे १८७७ मध्ये, हुगळीला मॅजिस्ट्रेट असताना, त्याने बोटांचे ठसे रीतसर सुरू केले. कुठे? दस्तनोंदणीत, तुरुंगात आणि पेन्शनवाटपात. पेन्शनर वारला तरी त्याच्या नावाने दुसराच कोणी पैसे उचलतो, हा सरकारचा संशय. म्हणजे बघा, कैदी आणि पेन्शनर एकाच शाईत बोट बुडवत होते!

हर्शेलने स्वतःचे ठसेही कित्येक वर्षांच्या अंतराने घेऊन पाहिले. नक्षी तीच. त्याचं बरोबरच होतं. पण नक्षी तीच राहिली तरी कातडी तीच राहत नाही. वय वाढलं की ती कोरडी पडते, सैल होते, रेषांचा उठाव कमी होतो. त्यात जन्मभर शेतात राबलेले, धुणीभांडी केलेले हात. माणूस तोच, पण मशीन ओळखत नाही.

२९ सप्टेंबर २०१० ला पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. पुढे रेशन दुकानात ई-पॉस मशीन आलं. तिथे ठसा जुळला नाही तर आजी पुन्हा हात पुसते, पुन्हा बोट ठेवते, मागे रांग खोळंबते. खरं तर ठसा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नका, असं केंद्राने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. पण हे दुकानात आजीला सांगतं कोण?

पेन्शनरांसाठी नोव्हेंबर २०२१ पासून चेहऱ्याने ओळख पटवायची सोय झाली. मोबाइलवर, घरबसल्या. ऐंशीच्या पुढच्या केंद्रीय पेन्शनरांना दाखला ऑक्टोबरपासूनच देता येतो. आणि बँकेत जाऊन कागदावर सही करायची जुनी पद्धतही अजून चालू आहे. तेव्हा आजोबांचं बोट उमटलं नाही, तर काउंटरवर तो फॉर्म मागा.