टुंग्रो

टुंग्रो हा भातावरचा रोग. त्याचे विषाणू दोन आहेत. (टुंग्रो हा शब्द फिलिपाइन्सच्या इलोकानो भाषेतला; अर्थ, खुंटलेली वाढ.) भाताचं रोप बुटकं राहतं, पानं पिवळी-नारिंगी पडतात.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दोघांचेही जीनोम अक्षर-अक्षर वाचून झाले. एकाचा डीएनएचा, सुमारे ८,००० जोड्यांचा. त्याचं गोत्र निघालं फ्लॉवरवरच्या मोझेइक विषाणूचं. दुसऱ्याचा आरएनएचा, सुमारे १२,००० अक्षरांचा. भाऊबंदकी कसलीच नाही.

गंमत आहे ती प्रवासात. रोप आजारी पाडतो मुख्यतः डीएनएवाला, पण हिरव्या तुडतुड्यावर स्वार व्हायला त्याला आरएनएवाल्याची मदत लागते. आरएनएवाला मात्र एकटाही हिंडतो, आणि तेव्हा रोपावर त्याची खूण जेमतेमच उमटते.