मुलुंड आणि मालाड एकच कसं झालं?

मुलुंड सेंट्रलला, मालाड वेस्टर्नला, मधे आख्खं नॅशनल पार्क. पण एका वेबसाइटवर काम करताना माझ्याकडे दोघांची लिंक सेम आली: 'मलड'. मुलुंडवर टॅप केलं की मालाडचं पान! अंधेरीचं तर 'अधर' झालेलं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, सगळं गायब. हे केलं कुणी? त्यासाठी जरा मागे जाऊया.

आपल्या लिप्यांसाठी इस्की नावाचं भारतीय मानक होतं. त्यात 'मा' हे एक अक्षर नाही, तर 'म' अधिक काना. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. यात चूक काहीच नाही, आपली बाराखडी अशीच चालते. पुढे विंडोज २००० मध्ये, पवईच्या आयआयटीत शिकवलेल्या र. कृ. जोशींचा मंगल फॉन्ट आला आणि हे तुकडे स्क्रीनवर नीट जुळून दिसू लागले.

गडबड वेगळ्याच ठिकाणी आहे. युनिकोडने प्रत्येक चिन्हाला एक वर्ग दिला. 'म' अक्षरांच्या वर्गात, काना जोडचिन्हांच्या. आणि पायथन भाषेचं 'शब्दातलं अक्षर' ओळखणारं सूत्र जोडचिन्हांना मोजतच नाही.

जँगो हे पायथनवरचं फ्रेमवर्क २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. २००७ मध्ये ते आतून युनिकोडवर आलं, तरी त्याचा लिंक बनवणारा टेम्प्लेट फिल्टर, स्लगिफाय, फक्त इंग्रजी अक्षरं ठेवायचा. मराठी नाव दिलं की हाती कोरी ओळ! २०१५ च्या १.९ आवृत्तीत युनिकोड चालू ठेवायची सोय आली, पण ती फंक्शनला. टेम्प्लेटमधल्या फिल्टरला नाही. म्हणून मी स्वतःचा फिल्टर लिहून तिथून ते फंक्शन बोलावलं. तिथेच ते सूत्र आडवं आलं आणि मुलुंड-मालाड एक झाले.

उपाय चार ओळींचा निघाला. सूत्र काढून टाकलं. आता माझा फिल्टर एकेका चिन्हाचा वर्ग बघतो आणि अक्षर, अंक, जोडचिन्ह असं तिन्ही ठेवतो. मुलुंड परत मुलुंड झालं.

एरर कुठेच आली नव्हती, हे लक्षात ठेवा. मशीनच्या मते सगळं बरोबर होतं. म्हणून टेस्टमध्ये 'हॅलो'सोबत एकदा 'मुलुंड'ही टाकून बघा. भेटू पुढच्या भागात!