परसांतील भाजी आणि रानांतील पाला

वसंत ऋतूची शोभा आमच्या कवींनीं मनसोक्त गाइली आहे. परंतु त्याच ऋतूंत घरामागच्या परसांत कोणतीं कामें उरकावयाचीं असतात, हा विषय काव्यांत सहसा येत नाहीं. ठाणें जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याकडील मुलखांत, धसई हें गांव आहे. या बाजूस पाऊस चार महिने, आणि तो सुमारें शंभर इंच. उरलेले आठ महिने आकाश बहुतेक कोरडें. चैत्र-वैशाखांत भाताचीं खाचरें भेगाळलेलीं असतात, विहिरीचें पाणी खोल गेलेलें असतें, आणि जमीन अशी टणक झालेली असते कीं कुदळ मारली तर मोठालें ढेकूळच निघावें. अशा वेळीं भाजीपाल्याची गोष्ट काढणें शहरांतल्या मनुष्यास हास्यास्पद वाटेल. पण भाद्रपदांत ज्या घरच्या मांडवावर दोडके, पडवळें आणि कारलीं लोंबत असतात, त्या घरानें आपलें अर्धें काम याच कोरड्या दिवसांत पुरें केलेलें असतें.

बागकामाचें पाठ्यपुस्तक लिहिण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु या साध्या कामांचा माग काढीत गेलें म्हणजे परसांतून रानांत, आणि रानांतून थेट सरकारच्या कायद्यांत जाऊन पोहोंचावें लागतें. आणि परसांतली माती ही परसाच्या कुंपणाआंत तयार होत नाहीं, ही गोष्ट ध्यानीं येते. तोच इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हीं कामें कोणतीं? पहिलें काम कुंपणाचें. भात निघाल्यावर गुरें रानोमाळ मोकळीं सुटलेलीं असतात; म्हणून करवंदीच्या आणि बोरीच्या काट्या आणून परसाची वई आधीं धड करावी लागते. दुसरें काम आळ्यांचें. वेलींसाठीं हातभर खोल खड्डे काढून त्यांतली माती कांठावर पसरतात आणि पंधरा-वीस दिवस ती उन्हांत तापूं देतात. मग तळाशीं पालापाचोळा, वर कुजलेलें शेणखत आणि चुलींतली राख घालून तीच माती परत लोटतात. माती तापली म्हणजे कीड मरते, एवढेंच या कामाचें जुनें स्पष्टीकरण. १९७६ सालीं इस्राएलांतील संशोधकांनीं ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून केवळ उन्हाच्या आंचेनें मातींतील रोगकारक बुरशी मारण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हां या जातीच्या उपायास शास्त्रांत मानाची जागा मिळाली.

तिसरें काम बियाण्याचें, आणि तें सर्वस्वीं घरच्या स्त्रीचें. गेल्या सालचा जो दोडका मुद्दाम वेलीवर वाळूं दिला, तो आपल्या जाळीसकट चुलीवरच्या धुरांत टांगलेला असतो. भोपळ्याच्या आणि काकडीच्या बिया राखेंत घोळून मडक्यांत ठेवलेल्या असतात. त्या काढून, पोंचट असतील त्या पाखडून, बाकीच्यांस ऊन दाखवावयाचें. चौथें काम मांडवाचें. कारण मृगाचा पाऊस एकदां लागला म्हणजे मेढी रोवण्यास सवडही नसते आणि घट्ट जमीनही नसते. पांचवें काम मिरच्या-वांग्यांच्या रोपांसाठीं वाफा तयार करण्याचें. आमचा मुख्य रोख या पांचव्या कामाकडे आहे. कारण हा वाफा नुसता खणून भागत नाहीं. तो भाजावा लागतो. भाताचें आणि नाचणीचें रोप ज्या जमिनींत करावयाचें ती आधीं भाजून काढण्याच्या पद्धतीस या बाजूस राब म्हणतात. परसांतला वाफा हा त्या राबाचाच धाकटा भाऊ.

राबाची रचना ठरलेली असते. तळाशीं वाळलेल्या शेणाचा थर, त्यावर झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या व पाला, त्यावर गवत, आणि सर्वांवर बारीक मातीचा पातळ थर. हा शेवटचा थर अशासाठीं कीं, आग भडकूं नये आणि राख वाऱ्यानें उडून जाऊं नये. मग वाऱ्याच्या उलट बाजूनें विस्तव लावतात, म्हणजे जाळ धांवत न सुटतां धुमसत पुढें सरकतो आणि आंच जमिनींत उतरते. पावसाच्या पहिल्या सरी पडल्या कीं या भाजलेल्या जागेंत बीं पेरावें; तें जोमानें उगवतें आणि तणाचा त्रास थोडा होतो.

आतां प्रश्न असा कीं, हा पाला येतो कोठून? चार वेलींपुरता पाचोळा परसांतल्या आंब्याखालीं मिळेल. पण सबंध भातशेतीचें रोप करावयाचें तर त्यासाठीं रानाच्या मोठ्या टापूची छाटणी लागते. शेतकऱ्याची नजर आधीं ऐनाच्या झाडाकडे जाई. डोंगर-उताराच्या ज्या वरकस जमिनींत नाचणी-वरी पिके, त्यांतील झाडांचा आणि गवताचा मोठा उपयोग राबासाठींच असे. तेथील पाला अपुरा पडला म्हणजे लोक सरकारी रानाकडे वळत. शेणाचेंही मूळ तेंच. कारण गुरें चरत तीं रानांतच. म्हणजे रानांतला कस गुरांच्या पोटांतून आणि माणसांच्या डोक्यावरच्या भाऱ्यांतून खाचरांत येई, आणि त्याचा थोडासा वांटा घरामागच्या आळ्यांस मिळे. ही व्यवस्था कागदावर कोठेंच नव्हती. ती वहिवाटीनें चालली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या वहिवाटीस दुसरा दावेदार उभा राहिला. १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी सुरू झाली, १८५४ सालीं ती कल्याणास पोहोंचली, आणि पुढें शहापूर तालुक्यांतून थळ घाटाच्या रोखानें गेली. मुंबईची वस्ती वाढत होती; तिला सरपण हवें होतें, घरांस लांकूड हवें होतें, रेल्वेस स्लीपर हवे होते. शेतकऱ्यास जेथें पाला दिसे, तेथें सरकारास आतां उत्पन्न दिसूं लागलें. १८७८ सालीं हिंदुस्थानचा जंगल-कायदा झाला आणि त्यानें रानाचे राखीव, संरक्षित असे वर्ग पाडले. काल जो हक्क म्हणून चालत होता तो आज परवानगी ठरला. आणि परवानगी देणारा हात आंखडतांही येतो, हें लोकांस लौकरच कळून आलें.

ही तक्रार केवळ ठाणें जिल्ह्याची नव्हती. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत जंगलखात्यानें डोंगर-रानें बंद केल्यामुळें शेतकऱ्याच्या गुरांची आणि संसाराची कशी ओढ झाली, याचें जळजळीत चित्र आहे. त्याच्या आदल्याच वर्षीं, १८८२ सालीं, कॅम्बेल यांच्या देखरेखीखालीं ठाणें जिल्ह्याचें गॅझेटियर प्रसिद्ध झालें होतें व त्यांत राबाची पद्धति सरकारी कामदारांनींच नमूद केली होती. पुढें ठाणें व कुलाबा या दोन जिल्ह्यांतून गाऱ्हाण्यांचा असा कल्लोळ उठला कीं, १८८५ सालीं मुंबई सरकारास एक जंगल-चौकशी मंडळ नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ सालीं बाहेर पडला. झाडाची डहाळी कोणीं तोडावी या प्रश्नासाठीं राज्यकर्त्यांस मंडळ बसवावें लागलें, यावरूनच त्या डहाळीचें मोल समजून येतें.

या दाव्यांत एकाच बाजूस सर्व सत्य होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. दर साल शेंड्यापर्यंत छाटलेलें झाड वाढत नाहीं. तें खांबासारखें उभें राहतें. डोंगर उघडे पडले तर त्याचें प्रायश्चित्त शेवटीं खालच्या खाचरांनाच भोगावें लागणार, ही जंगल-अधिकाऱ्यांची भीति पोकळ नव्हती. परंतु ते याहून पुढें जाऊन जेव्हां म्हणत कीं राब ही केवळ अडाण्यांची रूढि आहे आणि तिच्यावांचून शेतीचें कांहीं अडत नाहीं, तेव्हां ज्या मातींत त्यांनीं कधीं हात घातला नव्हता तिच्याविषयीं ते बोलत होते.

याचा निकाल पुढें रसायनशास्त्रानें दिला. इंग्लंडांतील रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ डॉ. व्होल्कर यांस हिंदुस्थान सरकारनें बोलाविलें. ते १८८९ च्या अखेरीस आले, एक वर्षाहून अधिक काळ देशभर हिंडले, आणि १८९३ सालीं त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. हिंदी शेतकरी अडाणी आहे हा सर्रास समज त्यांनीं खोडून काढला, आणि अतिवृष्टीच्या प्रदेशांत राबाच्या पद्धतीस आधार आहे असें मत दिलें. शेण जळणांत जातें याचें कारण शेतकऱ्याचा आळस नसून सरपणाची टंचाई आहे, हेंही त्यांनींच ठासून सांगितलें. १९०९ सालीं इंग्लंडांत रोथामस्टेड येथें रसेल व हचिन्सन यांनीं दाखविलें कीं, माती तापविली असतां तिच्यांतील सूक्ष्म जीवसृष्टींत पालट होतो आणि पिकास मिळणारा नत्र वाढतो. तीनच वर्षांनीं, १९१२ सालीं, पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर या आपल्या महाराष्ट्रीय सहकाऱ्यांसह राबावरच स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. राखेंतील क्षारांचा उपयोग तर होतोच, पण मातीस लागलेली आंचही आपल्या परीनें उपकारक होते, असा त्याचा इत्यर्थ. शेतकऱ्याचा अनुभव अशा रीतीनें प्रयोगशाळेंत खरा ठरला. पण तोंपर्यंत चौकशी-मंडळाच्या अहवालास पंचवीस वर्षें होऊन गेलीं होतीं.

निर्दोष सुटलेल्या मनुष्याची प्रत्येक संवय अनुकरणीय असते असें मात्र नाहीं. पाला जाळला म्हणजे त्यांतील नत्राचा मोठा भाग धुरावाटे निघून जातो, आणि जमिनीस भुसभुशीत ठेवणारें सेंद्रिय द्रव्यही जळतें. मग शेतकरी तो पाला कुजवीत कां नसत? याचें उत्तर धसईच्या उन्हाळ्यांतच आहे. कुजण्यास ओल लागते, आणि माघापासून ज्येष्ठापर्यंत येथें ओलच नसते. पाऊस लागल्यावर पाला कुजेल खरा, पण तोंपर्यंत रोपाची वेळ टळून जाईल. जें काम पाण्यानें व्हावयास महिने लागले असते, तें विस्तव एका रात्रींत करी. ही अडचण ओळखली म्हणजे तिचा उपायही सुचतो. इंदूर येथें आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनीं शेण, पाला, मूत्रानें भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, त्यांवर पाणी शिंपून आणि ढीग उलथेपालथे करून सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसविली आणि १९३१ सालीं ती ग्रंथरूपानें जगापुढें मांडली. सबंध शेतीस पुरेल इतकें पाणी उन्हाळ्यांत कोठून आणावें, हा प्रश्न राहतो. पण परसापुरत्या एका ढिगास मोरीचें वापरलेलें पाणीसुद्धां पुरतें. भाताच्या बाबतींत, नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनीं विकसित केलेल्या सगुणा तंत्रांत लावणीच वगळली असल्यामुळें रोपासाठीं राब भाजण्याचें कारण उरत नाहीं.

परसाचा विषय निघाला असतां ऋषिपंचमीची आठवण होणें साहजिक आहे. भाद्रपद शुद्ध पंचमीस बैलाच्या श्रमाचें अन्न खावयाचें नाहीं. हातानें खणलेल्या जमिनींतील भाजी खावयाची. आमच्या मतें हा नियम परसाचें माहात्म्य सांगणारा आहे. जी स्त्री हें व्रत करी, तिनेंच बहुधा वैशाखांत तीं आळीं खणलेलीं असत. आणखी एक मौज अशी कीं, या ऋषीच्या भाजींत अळू, काकडी, पडवळ यांच्या पंक्तीस लाल भोपळा आणि मक्याचें कणीसही बसतें. हीं दोन्हीं मूळचीं अमेरिकेचीं. कोलंबसाच्या सफरीनंतरच तीं या बाजूस आलीं. आमच्या परसानें नव्या पाहुण्यास त्याचें गांव विचारलें नाहीं. भाजी हातच्या श्रमाची आहे कीं नाहीं, एवढेंच पाहिलें.

२००६ सालच्या वनहक्क कायद्यानें आदिवासींचे आणि परंपरेनें रानावर अवलंबून असणाऱ्या इतर लोकांचे गौण वनोपजावरील हक्क मान्य केले. ज्या गोष्टीस १८७८ सालीं परवानगीचें रूप आलें होतें, तिला सव्वाशे वर्षांहून अधिक काळानें पुन्हां हक्काचें नांव मिळालें. तो हक्क प्रत्यक्षांत किती उतरतो हें गांवोगांव निराळें असेल. पण आपण, जे ठाण्या-कल्याणच्या गॅलरींत चार कुंड्या ठेवून मातीची पिशवी विकत आणतों, त्यांनीं त्या मातीचा इतिहास विसरूं नये. येत्या चैत्रांत आमच्या वाचकांनीं एवढें तरी करावें: दारच्या झाडाचा पाचोळा पेटवूं नये, कोपऱ्यांत खड्डा करून त्यांत तो लोटावा, वर मूठभर शेण व राख टाकावी, आणि स्वयंपाकघरांत भाजी धुतलेलें पाणी त्यावर ओतीत जावें. मृगाच्या सुमारास तो उकरून पाहिला म्हणजे काळी, भुसभुशीत, पावसाच्या वासाची माती हातीं येईल. ती माती मिळावी म्हणून याच जिल्ह्यांतील माणसांनीं एके काळीं सरकारशीं भांडण मांडलें होतें.