तेव्हा तुम्ही कुठे होतात?

मांजरसुंबा-केज रस्त्यावरच्या नेकनूरला बाजाराच्या दिवशी हॉटेलात राजकारण निघालं, की दोन सवाल हमखास कानावर येतात : ‘तुमच्या काळात काय दिवे लावले?’ आणि ‘तेव्हा कुठं गेला होता?’ दुसऱ्या सवालाचं कूळ थेट कुरुक्षेत्रावर पोचतं. रथाचं चाक रुतल्यावर कर्ण धर्माची आठवण करून देतो. कृष्ण त्याला द्यूत, लाक्षागृह, द्रौपदीची विटंबना, अभिमन्यूचा वध यांचा जाब विचारतो : त्या वेळी तुझा धर्म कुठे होता? मोरोपंतांनी अठराव्या शतकात हा प्रसंग आर्येत बांधला आणि मराठी वक्त्यांच्या हाती कायमचं हत्यार आलं. कृष्णाचा सवाल रास्तच आहे. धर्माचं नाव घेणाऱ्याचा अधिकार तो तपासतो. कर्ण लाजेने मान खाली घालतो. पण रथाखाली उतरलेल्यावर बाण सोडावा का, याचं उत्तर त्यात नाही. सभा जिंकणारे नेमकी हीच जागा गाळतात.

न्यायशास्त्राने ती गाळली नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत वादात हार मानण्याची 22 निग्रहस्थानं सांगितली आहेत. त्यांतलं एक ‘मतानुज्ञा’ : आपल्यावरचा दोष न खोडता तोच समोरच्यावर टाकणं. ‘तू चोर’ला ‘तूही चोर’ म्हणणाऱ्याने स्वतःची चोरी मान्य केली, असा हा निवाडा. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण समोरचा खरंच चोर निघाला तरी तो बदलत नाही.

अमेरिकेतल्या अलाबामात 1931 साली नऊ कृष्णवर्णीय मुलांना खोट्या आरोपात गोवलं गेलं. सोव्हिएत प्रचाराने ते प्रकरण ‘तूही चोर’ म्हणत जगभर नेलं. अन्याय खराच होता. पण तो दाखवल्याने सोव्हिएत श्रमछावण्यांतला एकही कैदी सुटला नाही. पुढे उत्तर आयर्लंडच्या हिंसाचारात, जानेवारी 1974 मध्ये, ‘आयरिश टाइम्स’मधल्या एका वाचकपत्राने असं उलटं बोट दाखवणाऱ्यांना ‘व्हॉटअबाउट्स’ हे नाव दिलं.

आपल्याकडे ग्रामसभेत एखादी बाई विचारते, ‘या आठवड्यात टँकरच्या खेपा किती झाल्या? वहीवर सही कुणाची?’ उत्तर येतं, ‘मागच्या बॉडीनं काय खाल्लं ते आधी विचारा.’ टाळ्या पडतात, दोन गट भिडतात, वही कपाटातच राहते. मागच्या बॉडीचीही चौकशी जरूर व्हावी. त्यासाठी वेगळा ठराव मांडावा. पण त्या बाईला खेपांचा आकडा मिळेपर्यंत सभेने पुढचा विषय घेऊ नये.