नववीच्या वयाचा फलसफा

शाळेत तत्त्वज्ञान शिकवावे असे कुणी म्हटले की शिक्षकांच्या खोलीत दोन उत्तरे हमखास मिळतात. एक, मुले लहान आहेत, त्यांना झेपणार नाही. दोन, हे युरोपचे खूळ आहे, आपल्याकडे असले काही नव्हते. उर्दू माध्यमाच्या शाळांत आणखी एक उत्तर असते, ते जरा हळू आवाजात दिले जाते: फलसफ्याने ईमान डळमळते. मी गेली बरीच वर्षे नववी-दहावीला उर्दू आणि मराठी शिकवते आहे आणि ही तिन्ही उत्तरे वेगवेगळ्या तोंडांनी ऐकत आले आहे. ती देणाऱ्यांनी आपला इतिहास वाचलेला नाही, एवढेच मला वाटते.

इब्ने सीनाचेच पाहा. बुखाऱ्याजवळ ९८० साली जन्मलेल्या या मुलाने दहाव्या वर्षापर्यंत कुरआन पूर्ण केले होते. पुढे नातिली नावाचे एक विद्वान बुखाऱ्यात आले. त्यांना तत्त्वज्ञान येते असे कळल्यावर वडिलांनी त्यांना घरीच उतरवून घेतले आणि मुलाला त्यांच्यापुढे बसवले. पहिले पुस्तक होते 'ईसागोजी'. उस्तादांनी 'जिन्स' या शब्दाची व्याख्या सांगितली आणि या पोराने तिची अशी चिरफाड केली की उस्ताद थक्क झाले. याला विद्येखेरीज दुसऱ्या कशात अडकवू नका, असे त्यांनी वडिलांना बजावले. तर्कशास्त्रातले बारकावे उस्तादांना येत नव्हते, हेही इब्ने सीना आत्मचरित्रात लिहून ठेवतो. नम्रता हा काही त्याचा गुण नव्हता!

त्याच आत्मचरित्रातला दुसरा प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. अरिस्टॉटलचे 'मेटाफिजिक्स' त्याने चाळीस वेळा वाचले, पाठ झाले, पण अर्थ लागेना. एका दुपारी पुस्तकांच्या बाजारात दलालाने एक पुस्तक पुढे केले. मालकाला पैशांची नड होती, किंमत तीन दिरहम. ते फाराबीचे निघाले, 'मेटाफिजिक्स'चा हेतू काय हे सांगणारे. घरी नेऊन वाचले आणि गाठ सुटली. दुसऱ्या दिवशी त्याने खुशीत गरिबांना सदका दिला. हे सगळे अठरा वर्षांच्या आत. लोक या गोष्टीतले 'चाळीस वेळा' सांगतात आणि मुलांना पाठांतराचा उपदेश करतात. मला त्यातले तीन दिरहम महत्त्वाचे वाटतात. एवढ्या अफाट बुद्धीच्या मुलालाही कुणीतरी लिहिलेली प्रवेशिका लागली.

'ईसागोजी' या ग्रीक शब्दाचा अर्थही प्रवेशिका असाच आहे. तिसऱ्या शतकात, आज लेबनॉनमध्ये असलेल्या टायर गावच्या पोर्फिरीने ती लिहिली, अरिस्टॉटल वाचताना अडलेल्या आपल्या एका रोमन शिष्यासाठी. ती सिरियाकमध्ये गेली, अरबीत आली, आणि तेराव्या शतकात असीरुद्दीन अबहरी यांनी त्याच नावाची एक छोटीशी पुस्तिका अरबीत रचली. पुढे शतकानुशतके इस्तंबूलपासून लखनौपर्यंत मन्तिक, म्हणजे तर्कशास्त्र, शिकणाऱ्या मुलांच्या हाती ती पडत राहिली.

तिच्यात पाच शब्द समजावले आहेत: जिन्स, नौ, फस्ल, खास्सा आणि अर्ज-ए-आम. प्राणी ही जिन्स, माणूस ही तिच्यातली नौ. माणसाला इतर प्राण्यांपासून वेगळे काढते ती फस्ल, म्हणजे त्याची विचार करून बोलण्याची शक्ती. हसणे हा माणसाचा खास्सा, फक्त त्याच्यातच सापडणारा. चालणे हा अर्ज-ए-आम, तो माणसात आहे आणि बैलातही. गंमत अशी की यातले निम्मे शब्द मराठी बोलणाऱ्याच्या घरात आधीच आहेत. किराणा दुकानातला 'जिन्नस' हा तोच जिन्स. 'खास' आणि 'आम' आपण रोज वापरतो. मराठी तर्कशास्त्राच्या पुस्तकात जिन्सला 'जाती' म्हणतात. तो शब्द फळ्यावर लिहिला की वर्ग भलतीकडेच जातो, म्हणून मी जिन्नसच लिहिते.

हिंदुस्थानात या विद्येला जोर आला त्याचा धागा दख्खनमधून जातो. शिराजचे फतहुल्लाह शिराजी विजापूरला अली आदिलशहाच्या दरबारी होते. १५८३ साली अकबराने त्यांना बोलावून घेतले. माअकूलात, म्हणजे बुद्धीने तपासायच्या विद्या, उत्तरेच्या शिक्षणात रुजवण्याचे श्रेय इतिहासकार त्यांना देतात. एवढा मोठा दरबारी माणूस उमरावांच्या घरी जाऊन सात-आठ वर्षांच्या पोरांनाही शिकवत बसायचा, असे बदायुनीने नोंदवले आहे. बदायुनीला त्याचे नवल वाटले होते. मला वाटत नाही.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १६९१ मध्ये, अवधमधल्या सिहाली गावात जमिनीच्या भांडणातून मुल्ला कुत्बुद्दीन यांचा खून झाला. औरंगजेबाने त्यांच्या मुलांना लखनौमधली एक हवेली दिली. पूर्वी तिथे युरोपीय व्यापारी राहत असल्याने तिचे नाव फिरंगी महल. त्या मुलांपैकी निजामुद्दीन तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा होता, आपल्या नववीतल्या मुलाएवढा. पुढे त्याने जो अभ्यासक्रम घडवला तो 'दर्स-ए-निजामी'. १७४८ साली त्यांचे निधन झाले, पण अभ्यासक्रम देशभर पसरला. त्यात मन्तिक आणि हिकमत यांची पुस्तके भरपूर होती. बिहारच्या मुहिबुल्लाह यांचे 'सुल्लम', जौनपूरच्या मुल्ला महमूद यांचे 'शम्स-ए-बाजिगा', शिवाय इराणच्या मुल्ला सद्रा यांची टीका. निजामुद्दीन यांची पद्धत अशी की प्रत्येक विषयातले थोडेच पण अवघड पुस्तक घ्यायचे. ते फोडता आले की पुढचे विद्यार्थी स्वतः वाचेल. सोळा-सतराव्या वर्षी हुशार मुलगा मोकळा होई आणि काझी, मुफ्ती किंवा मुन्शी म्हणून कामाला लागे. शियाही तिथे शिकायला येत. आणि हे फक्त फिरंगी महलपुरते नव्हते. शाह वलीउल्लाह पुढे हदीसच्या अभ्यासाचे मोठे पुरस्कर्ते झाले, पण त्यांनी दिल्लीत वडिलांकडे पंधराव्या वर्षापर्यंत जे वाचले त्यात मन्तिक आणि हिकमतची पुस्तके होती.

ईमान डळमळण्याची भीती असणाऱ्यांनी इमाम गजालींचे नाव आठवावे. तत्त्वज्ञांवर सर्वात कठोर टीका त्यांनीच केली. पण तर्कशास्त्र येत नाही त्याच्या ज्ञानावर भरवसा ठेवता येत नाही, असेही त्यांनीच सांगितले.

मग हे सगळे गेले कुठे? सरळ उत्तर इंग्रजांचे आहे, आणि त्यात तथ्य आहे. १८३७ मध्ये फारसी कचेऱ्यांतून हटवण्याचा कायदा झाला आणि या शिक्षणाची बाजारातली किंमत संपत गेली. खैराबादचे फज्ले हक, गालिबचे मित्र आणि आपल्या काळातले मन्तिकचे सर्वात मोठे उस्ताद, १८५७ नंतर काळ्या पाण्यावर पाठवले गेले आणि १८६१ साली अंदमानातच वारले. पण दोष सगळा बाहेरचा नव्हता. मूळ पुस्तकावर शरह, शरहवर हाशिया, हाशियावर पुन्हा हाशिया, असे थर चढत गेले. शागीर्द अरिस्टॉटलच्या प्रश्नाशी नव्हे, तर कुणाच्या कोणत्या वाक्यावर कुणी काय आक्षेप घेतला याच्याशी झगडत राहिला. जग बदलले तरी पुस्तकात चार महाभूते आणि फिरते आकाशगोल तसेच होते. १८६६ साली देवबंदचा मदरसा सुरू झाला, आणि त्याचे एक आधारस्तंभ मौलाना रशीद अहमद गंगोही या जुन्या फलसफ्याच्या विरोधात होते. अशा शिकवण्याचा त्यांना कंटाळा आला असेल तर मी त्यांना दोष देणार नाही. वाईट एवढेच की कुजलेले पाणी फेकताना विहीरही बुजवली गेली. मदरशात तर्काची जागा आक्रसली आणि इंग्रजांच्या हायस्कुलात ती कधी आलीच नाही.

फ्रान्समध्ये काय झाले तेही पाहण्यासारखे आहे, कारण शाळेतले तत्त्वज्ञान म्हटले की सगळे त्याच देशाचे नाव घेतात. तिथे नेपोलियनच्या काळात, १८०९ पासून, शाळेच्या शेवटच्या वर्षी हा विषय आहे. आजही शालान्त परीक्षेत मुले चार तास बसून एका प्रश्नावर निबंध लिहितात. पण तिथेही तो सुखाने नांदला नाही. सत्ता बळकावून तिसरा नेपोलियन गादीवर आला तेव्हा, १८५२ मध्ये, त्याच्या शिक्षणमंत्र्याने हा वर्ग कापून नुसते तर्कशास्त्र ठेवले आणि तत्त्वज्ञानाचे शिक्षक निवडणारी परीक्षाच रद्द केली. १८६३ मध्ये दुसरा मंत्री, व्हिक्टर द्युरुई, आला आणि त्याने ती परत आणली. विषय मारायचा तर मुलांच्या पुस्तकाला नव्हे, शिक्षकाला हात घालावा लागतो, हे त्या पहिल्या मंत्र्याला बरोबर कळले होते.

आमच्याकडे शिक्षकाला हात घालण्याची गरजच पडली नाही. बीएडला शिक्षणाच्या तात्त्विक अधिष्ठानाचा पेपर असतो. आदर्शवाद, निसर्गवाद, कार्यवाद; प्रत्येकाची वैशिष्ट्ये आणि मर्यादा पाठ करायच्या. त्या पेपरात उत्तम गुण घेऊन माणूस एकही प्रश्न न विचारता शिक्षक होऊ शकतो. हा आमचा हाशियावरचा हाशिया. महाराष्ट्रात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे विषय आहेत, पण अकरावी-बारावीच्या कला शाखेत, तेही जिथे शिकवायला कुणी असेल तिथे. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली दहावीनंतर दिसत नाहीत. कुणाचे लग्न ठरते, कुणाचे कॉलेज दूर असते. अकरावीसाठी राखून ठेवलेला विषय त्यांच्यासाठी नाहीच. आणि व्हॉट्सॲपवर 'ते लोक सगळे असेच' हे वाक्य तर त्यांच्या हातात आठवीतच येते, कधी आपल्याविषयी, कधी दुसऱ्यांविषयी. ते वाक्य खास्सा सांगते आहे की अर्ज-ए-आम, एवढे विचारायला पदवी लागत नाही.

म्हणून मी व्याकरणाच्या तासाला सामान्यनाम आणि विशेषनाम शिकवताना हे पाच शब्द आणते. वेगळा तास मागितला तर मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे. सहकाऱ्यांसमोर एकदा मांडले तेव्हा पहिला प्रश्न गुणांचा आला, किती मार्कांना आहे? दुसरा एका ज्येष्ठ सरांचा होता आणि प्रामाणिक होता: मुलीने असे काही विचारले की मला उत्तर येत नाही, तर मी काय करू? मी त्यांना नातिलींची गोष्ट सांगितली. ते हसले, म्हणाले, नातिली तर पुढे बुखारा सोडून निघून गेले! ते खरे आहे. पण आमच्या सरांनी गेल्या महिन्यात गणिताच्या तासाला चौकोन ही जिन्स आणि चौरस ही नौ असे फळ्यावर लिहिले. एका मुलीने विचारले, मग फस्ल कोणती, बाजू की कोन? सर म्हणाले, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी दोघांच्या उत्तरांत फरक होता, आणि वाद अजून चालू आहे.